तांदळात लिहिलेलं नाव

अक्का, तुझ्या तेराव्याची भाजी खारट झाली होती. सांगायचं तर तुलाच सांगायला पाहिजे, कारण बाकी कुणाच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. आलेली माणसं मान खाली घालून जेवली, हात धुतले आणि गेली. तू असतीस तर पहिल्याच घासाला आचाऱ्याला बोलावून घेतलं असतंस. मी समोरच बसले होते, पण मला बोलवेना. माझ्यासारखी तोंडाळ बाई आणि बोलवेना, यावरून काय ते समज.

पाहुणे पांगल्यावर तुझा महेश माझ्याजवळ येऊन बसला आणि दादांच्या शेअरची पिशवी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, मावशी, आईनं हे तुझ्याकडंच द्यायला सांगितलं होतं. पोरगा रडत नव्हता, पण पिशवी काही त्याच्या हातून सुटत नव्हती. तीच पिशवी, उदगीरच्या कापडदुकानाची, एक बंद तुटलेली. आत आपल्या वडलांनी, दादांनी, तुझ्या नावानं घेतलेले पंपाच्या कंपनीचे शेअर, हिरव्या वेलबुट्टीच्या काठाचे कागद, आणि त्यावर टाइप केलेलं तुझं माहेरचं नाव, कुमारी चंद्रकला. त्या दिवशी लातूरच्या त्या पंगतीत कुणालाही विचारलं असतं की चंद्रकला कोण, तर त्यानं तुझ्या सासूकडं बोट दाखवलं असतं. तू तिथं मीनाक्षी होतीस.

दादांचं पंपांचं दुकान मला आठवतं गं. मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या तोंडाशी, रबराचा आणि ग्रीसचा वास येणारं. आई म्हणायची, पोरीला गल्ल्यावर बसवू नका, उद्या सोयरीक जमायची नाही. दादा ऐकल्यासारखं करायचे आणि तू कॉलेजातून आलीस की उठून तुला खुर्ची द्यायचे. एखादा शेतकरी यायचा, मोटार पाणी उचलंना म्हणायचा, की तू त्याला आधी विचारायचीस, पाइपात हवा धरली का बघितलं का, खालचा व्हॉल्व कधी धुतला होता. तो दादांकडं बघायचा. दादा म्हणायचे, तिलाच विचार, मला काय मालूम. मी खाली बसून वायसरच्या बांगड्या करायचे आणि तुझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मोठं झाल्यावर मला तुझ्यासारखं व्हायचं होतं. तुझ्यासारखं म्हणजे लग्नाआधीच्या तुझ्यासारखं, हे मला पुढं कळलं.

कंपनीनं शेअर काढले तेव्हा एजंट सगळ्या दुकानदारांना फॉर्म देऊन गेला. फॉर्म इंग्रजीत, म्हणून तो भरायचं काम तुझ्याकडं आलं. नावाच्या जागी तू दादांचं नाव लिहायला घेतलंस आणि दादांनी तुझा हात धरला.

"चंद्री, तुझं लिही. दुकान तू चालवून राहिलीस."

एवढंच बोलले. आपल्या बापाला लाड करायची हीच एक रीत ठाऊक होती. तुझ्या पाठीवरून हात फिरवलेला मी कधी बघितला नाही. पण तो फॉर्म पोस्टात टाकायला ते स्वतः गेले, दुकान उघडं टाकून गेले.

मग वर्ष सरायच्या आत तुझं लग्न ठरलं. मुलगा चांगला, लातूरला नोकरी, घर आपल्या तोलाचं. अडचण एकच निघाली की सासूचं नाव पण चंद्रकला. एका घरात सासू-सुनेचं एक नाव कसं चालायचं? नवऱ्यानं बायकोला हाक मारायची तर आईचं नाव घ्यावं लागंल. कुणाला त्यात काही वाईट वाटलं नाही, हसून-खेळून झालं सगळं. दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं, बायकांनी वाचलं, पेढे वाटले. मी ताटापाशी डोकं घालून बसले होते. तू ते नाव असं वाचत होतीस, जसं दुसऱ्याच कुणाचं पत्र हातात आलंय. पुढं कितीतरी वर्षांनी मी तुला विचारलं, अक्का, त्या तांदळाचं काय झालं गं? तू म्हणालीस, काय व्हायचंय, दुसऱ्या दिवशी मीच निवडला आणि शिजवला, पाहुण्यांनी माझ्या नावाचा भात खाल्ला आणि वर ताक मागितलं. तू हसलीस म्हणून मी बी हसले.

आणि माझं लग्न. ते मी विसरीन का? नांदेडला मांडव, ताट आणलेलं, माझ्या सासरच्यांनी नाव काढून ठेवलेलं. विमलचं काहीतरी गोड गोड करणार होते. तू भरल्या मांडवात डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि माझ्या सासऱ्याला म्हणालीस की मामा, आमच्या घरातल्या एका पोरीचं नाव गेलंय, तेवढं पुरे, हिचं राहू द्या. दाजींचं तोंड पडलं. आई तुला चिमटे काढत होती. माझ्या नवऱ्यानं गुपचूप तांदळात विमल लिहिलं. आज माझ्या ब्लाऊजच्या दुकानावर पाटी आहे ना, विमल लेडीज टेलर, ती तुझी आहे, अक्का. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तुला ठाऊकच असंल.

तुला चंद्री म्हणणारे दोघंच, आई आणि दादा. मी धाकटी, मी अक्काच म्हणणार. पण अजून एक होतं, ती पंपाची कंपनी. दरसाल तिचा लिफाफा यायचा, नफ्याचा छोटासा चेक घालून, कुमारी चंद्रकला, उदगीर. दादा तो जपून ठेवायचे आणि तू पंचमीला आलीस की म्हणायचे, चंद्री, तुझं पत्र आलंय. चेक तू कधी वटवला नाहीस. वटवणार कशी? बँकेतलं खातं मीनाक्षीचं होतं. तू लिफाफा उघडायचीस, नाव वाचायचीस आणि पिशवीत ठेवून द्यायचीस. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, एवढं आहे तर दाजींना सांगून काहीतरी करून घे. तू म्हणायचीस, कुठं सांगत बसू, आपलेच दात आपलेच ओठ.

दादा गेले, दुकान विकलं, आणि लिफाफेही यायचे थांबले. तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं का? म्हणालीस, कंपनी बी नांदायला गेली वाटतं विमे, तिचं बी नाव बदललं असंल. आणि अगदी तसंच झालं होतं की गं.

दाजी गेल्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात तू ती पिशवी घेऊन नांदेडला आलीस. चहा घ्यायच्या आधी म्हणालीस, ह्याचं काय होतंय बघू. मी म्हटलं, कशाला शिळ्या कढीला ऊत? तरी गेलो दोघी. शेअरच्या त्या ऑफिसातल्या पोरानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं की अशी कंपनीच नाही. मी चिडले. म्हटलं, नाही म्हणजे काय, मग हे काय लग्नाची पत्रिका आहे? तू माझा हात दाबलास आणि त्याला शांतपणे विचारलंस, बाळा, आता नसंल, पण ती गेली कुठं ते बघ. गेली कुठं, असं. पोरगा जरा वरमला आणि नीट शोधायला लागला.

मग पुढचे कितीतरी महिने आपण तिच्या मागं होतो. महेश लातूरहून फोनवर सांगायचा, मी नांदेडला रजिस्टर पोस्ट करायचे. आपल्या पंपवाल्या कंपनीला गुजरातेतल्या एका कंपनीनं विकत घेतलं होतं. तिनं स्वतःचं नाव बदललं. आणि तिला मागून मद्रासकडच्या एका मोठ्या कंपनीनं पोटात घेतलं. जुन्या शेअरांच्या बदल्यात नवे मिळाले होते, त्यांचे पुन्हा दुसरे झाले होते, आणि इतकी वर्षं कुणी नफा उचलला नाही म्हणून ते सगळे सरकारच्या एका फंडात जाऊन पडले होते. पण होते. शेवटी मद्रासहून उत्तर आलं की हाव, आमच्या वहीत कुमारी चंद्रकला आहेत, पत्ता उदगीरचा आहे, त्यांनी स्वतःची ओळख पटवावी आणि शेअर घेऊन जावेत. त्यांची किंमत महेशनं काढून सांगितली तेव्हा मी मशीन थांबवलं. लई मोठं घबाड नव्हतं, पण त्या काळचं दादांचं दुकान मालासकट विकत घेता आलं असतं. मी तुला विचारलं, काय करशील गं? तू म्हणालीस, बँकेत खातं काढीन, चंद्रकला म्हणून. मी म्हटलं, आणि? तू म्हणालीस, आणि काय, खातं काढीन.

इथं गाडं अडलं. त्या कंपनीनं दोनदा घर बदललं, दोनदा नाव बदललं, आणि प्रत्येक बदलाचा शिक्क्यानिशी कागद निघाला. तुझं नाव एकदाच बदललं आणि त्याचा कागद कुठंच नाही. ना कचेरीत, ना कोर्टात. तुझं नाव तांदळात लिहिलं होतं आणि तो तांदूळ खाऊन संपला होता.

लातूरचा वकील म्हणाला, काही अवघड नाही, या दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करू. टाइप करून आणलं, तुझ्यासमोर ठेवलं. 'मी मीनाक्षी, पूर्वाश्रमीची चंद्रकला.' तू चष्मा काढलास.

"पूर्वाश्रमीची म्हणजे? मी काय संन्यास घेतलाय? मी आता बी हायच की."

वकील समजावून थकला की सगळ्याच बायकांचं असंच लिहितात. तू म्हणालीस, लिहीत असतील, माझं लिहू नका, दोन्ही नावं बरोबरीनं लिहा, आधी चंद्रकला. तो म्हणाला, आजी, नमुना ठरलेला असतो. तू पिशवी उचललीस आणि चपला घातल्यास. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत मी तुला नाही नाही ते बोलले. एका शब्दासाठी हातातोंडाशी आलेलं सोडतेस म्हटलं, आडमुठी म्हटलं, दादांनी तुझे फाजील लाड केले म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. तू माझ्यासाठी शेंगदाणे घेतलेस, गाडी लागली, मी खिडकीतून तोंड फिरवलं. भांडण तिथंच राहिलं. फोनवर आपण इतर सगळं बोलायचो, ते सोडून. मला अजून वाटतं, अक्का, तू सही करायला पाहिजे होतीस. आणि मला हे बी वाटतं की तू केली असतीस तर ती सही तुझी नसती. दोन्ही वाटतं. तू असतीस तर यातलं एक पाडून टाकलं असतंस.

पण तू सोडलं नव्हतंस हे मी बघितलंय. मद्रासला जुन्या फॉर्मवरच्यासारखी सही पाहिजे होती, आणि ती सही तू लग्नानंतर कधी केलीच नव्हतीस. दिवाळीला मी लातूरला आले, तू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होतीस आणि ताटात बोटानं काहीतरी गिरवत होतीस. चंद्रकला. हातानं सपाट करायचीस, पुन्हा लिहायचीस. 'ळ' का 'ल' असं स्वतःशीच पुटपुटलीस, मग हसलीस. मी दारातूनच मागं फिरले आणि अंगणात जाऊन उगीच पाणी प्याले. त्या वेळी आत येऊन तुझ्यापाशी बसायला काय झालं होतं मला?

तेव्हाच तुझं अंग उतरलं होतं. पोटातलं दुखणं तू पित्त म्हणून उडवून लावत होतीस. दवाखान्यात दाखवलं तोवर उशीर झाला होता, हे डॉक्टरनं महेशला बाहेर नेऊन सांगितलं आणि तुला ते आतच कळलं. नर्स यायच्या, मीनाक्षी आजी, सुई देऊ का म्हणायच्या, तू त्यांना हाव बाई म्हणायचीस. शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरून म्हणालीस, विमे, कागद राहिला गं. मी म्हटलं, बरी हो, करू. मला ठाऊक होतं तू बरी होणार नाहीस आणि तुलाही ठाऊक होतं, तरी आपण दोघी एकमेकींना खोटं बोललो. त्याऐवजी मी तुला एकदा दादांसारखं चंद्री म्हणायला पाहिजे होतं. ओठांवर आलं होतं. धाकट्या बहिणीनं कसं म्हणायचं म्हणून राहून गेलं.

तेरावं झाल्यावर मी नांदेडला परत गेले नाही. महेशला घेऊन मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर गेले. दवाखान्यातून मीनाक्षी नाव गेलं होतं, आधारवर मीनाक्षी, दाखलाही तसाच निघणार होता. मी म्हटलं, दुसरं नाव लावा. तिथला माणूस चांगला होता, ओरडला नाही. तुझा शाळेचा दाखला बघितला, लग्नाची पत्रिका बघितली. मग म्हणाला, बाई, ही चंद्रकला होती हे पटलं, पण तीच ही मीनाक्षी, हे सासरच्या कुणीतरी सांगायला पाहिजे. नाव बदललं तेव्हा हजर असलेलं माणूस आहे का कुणी?

होतं की. घरी येऊन मी आत्याबाईंना विचारलं. नव्वदीला टेकलेली तुझी सासू, दाजी गेल्यावर जिला तू हातानं न्हाऊ-माखू घातलंस, आणि जी तुझ्याआधी जाणार म्हणून आपण सगळेच धरून चाललो होतो. त्यांना सगळं नीट ऐकू जात नाही. मी दोनदा सांगितलं. त्यांनी काठी मागितली. महेशनं रिक्षा आणली, आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून त्या खिडकीपाशी नेलं. त्या माणसानं त्यांचं आधार बघितलं आणि गोंधळला. म्हणाला, आजी, चंद्रकला तर तुम्ही आहात.

"हाव, मी बी. म्हणून तर तिचं काढलं आम्ही. लिहा तिचं, मी जिती हाय तवर लिहून घ्या."

एवढं बोलून त्यांनी अंगठ्यासाठी हात पुढं केला. तुझ्या संसारात त्यांनी तुला कधी लागेल असं बोललेलं मी ऐकलं नाही, कौतुक केलेलंही ऐकलं नाही. पण त्या दिवशी अंगठा उठवल्यावर त्यांनी तो कागदावरच दाबून धरला, तो माणूस उचला म्हणेस्तोवर. मी त्यांच्या कमरेला धरून उभी होते. तो माणूस सगळं मांडून घेत होता, मग पेन थांबवून त्यानं मला विचारलं, पूर्वाश्रमीची लिहू का?

मी म्हटलं, नाही. ऊर्फ लिहा. आणि चंद्रकला आधी.

जिंकलीस, अक्का. बसस्टँडवरचं भांडण तू जिंकलीस. मला कुणाशी तरी भांडावंसं वाटून राहिलंय आणि माझ्या तोडीचं कुणी नाही.

आज दाखला मिळाला. तुझ्या जन्मात तुझी दोन्ही नावं एका ओळीत लिहिलेला सरकारी कागद निघाला नाही, तो तू गेल्याचा निघाला. शेअरचं आता महेश करील, वारस म्हणून त्याच्याकडं येतील, वेळ लागेल पण येतील. ते चंद्रकला नावाचं खातं मात्र आता कुणाला काढता यायचं नाही. मी घरी आले, तुझ्या खुर्चीत बसले आणि चष्मा लावून दाखला मोठ्यानं वाचला, कारण कुठलाही कागद तू मला मोठ्यानंच वाचायला लावायचीस. खिडक्यांवर, ऑफिसांत तुझं नाव मी शंभरदा घेतलं होतं. पण तुझ्या या घरात, तुझ्यासाठी, ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मृताचे नाव, चंद्रकला.

आतल्या खोलीतून आत्याबाईंनी ओ दिली. मी कागद हातात धरून तशीच बसून राहिले, अक्का. दुसऱ्या चंद्रकलेची ओ आली नाही.